समोर कोण बसलंय? युरोपातल्या रेडिओवाल्यांचे श्रोते, आणि त्यांतला तुमचा कोणता

सामुदायिक रेडिओ काढायचा असो, शेतीचं पॉडकास्ट सुरू करायचं असो, की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळासाठी आठवड्याला अर्धा तास काही ऐकवायचं असो, खर्चाची यादी नेहमी माइकपासून सुरू होते. खरा निर्णय त्याआधीचा असतो आणि तो पहिल्याच वाक्यात उघडा पडतो. 'नमस्कार श्रोतेहो' म्हटलं की समोर सभागृह आलं. 'मंडळी' म्हटलं की पार नाहीतर ओसरी. 'तुम्ही' म्हटलं तर तो एकटाही असेल किंवा शंभर जण असतील. 'आपण' म्हटलं की बोलणारा स्वतःही त्यात आला, आणि 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहिला. इंग्रजीत यातलं बरंच झाकून जातं. मराठीत लपायला जागा नाही.

१९२२पासून पुढची चाळीसेक वर्षं युरोपातल्या प्रसारकांनी याच प्रश्नाची उत्तरं शोधली. कुठे परवान्याच्या पैशावर, कुठे जाहिरातदाराच्या, कुठे सभासदांच्या, कुठे सरकारच्या. ती इथे शेजारीशेजारी मांडली आहेत. वाचताना चार गोष्टींवर नजर ठेवा: ऐकणारा कुठे बसलाय असं धरलं होतं, त्याला हाक कशी मारली, तो ऐकतोय हे कळत कसं होतं, आणि गणित कुठे फसलं. त्यातली तिसरी सगळ्यात मोलाची. श्रोत्याबद्दलचा पहिला अंदाज इथे प्रत्येकाचा चुकलेला आहे. फरक पडला तो चूक कानावर येण्याची वाट होती की नव्हती यानेच.

लंडन: दिवा मालवून ऐकणारा एकटा

बीबीसीचं रोजचं प्रसारण १४ नोव्हेंबर १९२२ला सुरू झालं. तेव्हा ती रेडिओसंच बनवणाऱ्या कारखानदारांची कंपनी होती. १ जानेवारी १९२७ला तिचं सनदेवर चालणारं महामंडळ झालं. पैसा परवान्याचा, वर्षाला १० शिलिंग. देशात जाहिरात नाही आणि स्पर्धकही नाही. प्रमुख जॉन रीथ यांनी १९२४मध्येच लिहून ठेवलं होतं की आपल्याला काय हवं हे थोड्यांना कळतं, आणि कशाची गरज आहे हे त्याहूनही थोड्यांना. म्हणजे श्रोता घरात बसलेला, भला, शिकायला तयार, पण बोट धरून नेण्याजोगा.

बोट धरायचं कसं, यात सुरुवातीला घोळ झाला. प्राध्यापक आणि धर्मगुरू यायचे आणि व्यासपीठावरून बोलावं तसं बोलायचे. १९२७पासून भाषण विभाग सांभाळणाऱ्या हिल्डा मॅथेसन यांनी रोग ओळखला. ऐकणारे लाखो असले तरी प्रत्येक ठिकाणी एक माणूस किंवा एक कुटुंब ऐकतंय. त्याला वाटतं की बोलणाऱ्याने माझ्याशी बोलावं. सभेतला चढा सूर त्याच्या खोलीत ओरडण्यासारखा लागतो, आणि निबंध वाचून दाखवला की त्याला जांभई येते. त्यांचा उपाय कष्टाचा होता: आधी संहिता लिहायची, ती माइकसमोर बोलून पाहायची, जिथे जीभ अडते तिथे वाक्य मोडायचं, पुन्हा तालीम. सहज बोलल्यासारखं वाटावं म्हणून शब्दन् शब्द लिहून काढायचा, हे ऐकायला उलटं वाटतं, पण रेडिओवर ते अजूनही खरं आहे. (संहितेचा दुसराही उपयोग होता: ती आधी तपासता येई. वादग्रस्त विषयांवर १९२८पर्यंत बंदीच होती.) मराठीत हा उपाय करून पाहायचा तर 'करण्यात आलेल्या', 'याबाबत माहिती देताना' असली वाक्यं तालमीतच गळतात, कागदावर ती खुशाल टिकून राहतात.

हा श्रोता कसा ऐकतो याचंही चित्र बीबीसीकडे होतं. १९३०च्या वार्षिकात श्रोत्यांना सल्ला दिलेला आहे: नाटकगृहात किंवा मैफलीत ऐकता तसंच घरीही लक्ष देऊन ऐका; पत्ते खेळत किंवा वाचत ऐकू नका; दिवे मालवून बघा, म्हणजे खोलीतल्या नेहमीच्या वस्तूंवर डोळा जाणार नाही आणि कल्पनाशक्ती दुप्पट तेज होईल. अर्ध्या कानाने ऐकलंत तर टीका करायचा पाव हक्कही तुम्हाला नाही, हेही वर ऐकवलं आहे. त्याच विचाराने दोन कार्यक्रमांच्या मध्ये मुद्दाम शांतता सोडली जाई आणि कार्यक्रमांच्या वेळा पक्क्या ठेवणं टाळलं जाई. नळ सोडून ठेवावा तसा कुणी रेडिओ चालू ठेवू नये, निवडून ऐकावं, हा हेतू.

हेतू उत्तम होता, पण माणसं तशी ऐकत नव्हती. भांडी घासताना, इस्त्री करताना, पोरांना जेवायला घालताना रेडिओ चालू असायचा. हे बीबीसीला अधिकृतपणे कळायला १४ वर्षं लागली, कारण श्रोत्यांची मोजणी केली तर तीच मालक होऊन बसेल अशी वरिष्ठांना धास्ती होती. १९३६मध्ये रॉबर्ट सिल्व्ही यांना नेमलं. त्यांनी आधी रेडिओनाटकांबद्दल मत कळवायला ३५० स्वयंसेवक श्रोते घेतले. डिसेंबर १९३९पासून रोजची पाहणी सुरू झाली: दररोज सुमारे ८०० वेगवेगळ्या माणसांना भेटून काल काय ऐकलंत हे विचारायचं. प्रश्नातला 'काल' शब्द लाखमोलाचा आहे. 'तुम्ही साधारण काय ऐकता?' असं विचारलं तर माणूस आपल्याला जसं दिसावंसं वाटतं तसं उत्तर देतो. काल काय ऐकलं ते मात्र आठवून सांगावं लागतं. लहान केंद्रालाही हा प्रश्न फुकटात वापरता येतो. गावात रोज दहा जणांना विचारा, पण दहा वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या, आणि तुमच्या केंद्राचं नाव आधी घेऊ नका.

युद्धाने बीबीसीला जे शिकवलं ते एरवी शिकायला आणखी वीस वर्षं गेली असती. फ्रान्सला गेलेल्या सैन्यासाठी जानेवारी १९४०मध्ये वेगळी वाहिनी सुरू झाली. बराकीत आणि कँटीनमध्ये, गोंगाटात, घोळक्याने ऐकणाऱ्यांसाठी ती आखली होती: हलकं संगीत, विनोद, छोटे तुकडे, मध्येच कुणी उठलं तरी धागा तुटू नये अशी रचना. ती घरोघरी नागरिकांनीच डोक्यावर घेतली. स्वयंपाकघर हे दिवाणखान्यापेक्षा बराकीच्या जास्त जवळचं निघालं! जुलै १९४५च्या हलक्याफुलक्या लाइट प्रोग्रॅमची मुळं याच वाहिनीत आहेत. त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर १९४६मध्ये, दिवा मालवून ऐकणाऱ्यांसाठी थर्ड प्रोग्रॅम वेगळा काढावा लागला. त्याचे श्रोते कायम मूठभरच राहिले.

लंडनकडून घ्यायची दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. श्रोता कोण, हा प्रश्न तिथे हळूहळू श्रोता किती वाजता काय करत असतो असा झाला. १९४०च्या उन्हाळ्यात सुरू झालेला स्वयंपाकाचा 'किचन फ्रंट' सकाळी सव्वाआठला फक्त पाच मिनिटं असे, म्हणजे बाई रेशनची पिशवी उचलून बाजाराला निघण्याआधी. आज काय मिळेल आणि त्याचं काय करायचं, एवढंच. (कोल्हापूरकडच्या वेणू चितळे यांनीही त्यात शाकाहारी पदार्थांवर बोलून घेतलं आहे.) ऑक्टोबर १९४६मध्ये बायकांसाठीचा 'वूमन्स आवर' दुपारी दोनला आला, जेवणं आणि भांडी आवरून झाल्यावर. वेळ अचूक पकडली आणि पहिला निवेदक मात्र पुरुष नेमला! १९५०पासून त्याआधीची पावणेदोनची पंधरा मिनिटं पाच वर्षांखालच्या मुलांच्या गोष्टीला दिली. आधी पोर गोष्ट ऐकून शांत होणार, मग आईचा तास. त्या गोष्टीची सुरुवात ठरलेली असे: 'नीट बसलात ना? मग सुरू करते.' इंग्रजीत त्यात एक मूल आहे की दहा, मुलगा की मुलगी, काहीच ठरवावं लागत नाही. मराठीत 'बसलास', 'बसलीस' की 'बसलात' हे लिहिणाऱ्याला ठरवावं लागेल आणि त्यातच अर्धी मुलं गळतील. 'बसलात' घ्या, ते मुलांच्या घोळक्यालाही चालतं आणि एकट्याला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं.

घड्याळाचा अतिरेकही झाला. ब्रिटिश टेलिव्हिजन संध्याकाळी सहा ते सात चक्क बंद असे, मुलांना झोपवता यावं म्हणून. हा तास फेब्रुवारी १९५७मध्ये संपला, आणि मुलं तरीही झोपली.

लंडनचा मोठा तोटा उच्चारात होता. एकट्याशी बोलायचं, पण त्याच्या बोलीत नाही. निवेदक निनावी, सगळ्यांचा सूर दक्षिणेकडच्या सुशिक्षितांचा. १९४०च्या उन्हाळ्यात बातम्या देणारे नाव सांगू लागले, पण ते शत्रूने आवाजाची नक्कल करू नये म्हणून. १९४१मध्ये यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना बातम्यांना बसवलं आणि ते 'गुड नाइट'ऐवजी आपल्या ढंगात 'गुड नीट' म्हणू लागले, तर तक्रारींची पत्रं आली. एकदा का श्रोत्यांना 'बातमीचा आवाज' ऐकायची सवय लागली की स्वतःच्याच बोलीतली बातमी त्यांना हलकी वाटते. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत केंद्र काढणाऱ्याने हे आधीच धरून चालावं: पहिली नाराजी आपल्याच माणसांकडून येईल. तिला घाबरून महिन्याभरात प्रमाण मराठीवर येऊ नये.

लक्झेंबर्ग: गिऱ्हाईक

रविवारी रीथ यांची बीबीसी जवळजवळ देवळासारखी असे: सकाळी काहीच नाही, नंतर प्रवचन आणि गंभीर संगीत. ब्रिटिश श्रोता मग खुंटी फिरवून खाडीपलीकडे जाई. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून १९३१पासून रेडिओ नॉर्मंडी आणि १९३३पासून दीर्घलहरींवर रेडिओ लक्झेंबर्ग इंग्रजीत नाचगाण्याचे कार्यक्रम देत होते, ब्रिटिश जाहिरातदारांच्या पैशावर.

इथे हाक मारण्याची पद्धत अगदी निराळी. ओव्हल्टिन या माल्टच्या पेयाने १९३५च्या सुमारास मुलांची संघटना काढली: बिल्ला, नियमांची पुस्तिका आणि गुप्त लिपी. रविवारी संध्याकाळी रेडिओवर सांकेतिक निरोप येई आणि पुस्तिका असलेल्यालाच तो उलगडे. मुलाला 'श्रोता' म्हणण्याऐवजी 'आपल्यातला' केलं, आणि त्यासाठी घरात डबा यावा लागे. ऐकताहेत की नाही हे कळायला पाहणी लागत नव्हती. येणारी पत्रं आणि मागवलेले नमुने मोजले की झालं. रीथ यांची सगळी थोरवी ज्या रविवारी हरली तो रविवार या लोकांनी बिल्ल्यावर जिंकला, हे मान्य करायला हवं.

तोटा एवढाच की न विकत घेणाऱ्याला इथे आवाज नाही. म्हातारा, कफल्लक, डबा न परवडणारा माणूस ऐकतो, पण मोजला जात नाही. प्रायोजकाच्या पैशावर चालणाऱ्या पॉडकास्टची हीच गत असते. प्रायोजक घ्यायचाच असेल तर कार्यक्रमाचं नाव आणि वेळ आपल्या हातात ठेवा. तो गेला तर श्रोता तरी उरेल.

बर्लिन आणि मॉस्को: गर्दी

१ फेब्रुवारी १९३३ला हिटलरने चॅन्सेलर म्हणून पहिलं रेडिओभाषण स्टुडिओतून वाचलं आणि ते फिकं पडलं. समोर माणसं नसली की त्या वक्तृत्वात काही उरत नाही. पुढची बहुतेक भाषणं सभांमधूनच प्रसारित झाली. टाळ्या, घोषणा आणि वाट बघणारी शांतता हाच कार्यक्रम. म्हणजे मॅथेसन यांनी सांगितलं त्याच्या नेमकं उलट: घरातल्या माणसाला सभेत नेऊन बसवायचं.

त्यासाठी संच स्वस्त केले. ऑगस्ट १९३३मध्ये आलेला 'फोल्क्सएम्फेंगर' ७६ मार्कांचा होता. त्याचं नाव व्हीई ३०१, ३० जानेवारीला सत्ता मिळाली म्हणून. १९३८चा धाकटा संच ३५ मार्कांना मिळे. पण घरात एकट्याने ऐकणं राजवटीला पुरेसं वाटत नव्हतं. १० नोव्हेंबर १९३३ला दुपारी बर्लिनच्या सीमेन्स कारखान्यातून भाषण झालं तेव्हा देशभर काम थांबवून सामूहिक श्रवण करवलं गेलं. पुढे कारखान्यांसाठी काढलेल्या संचाचं नावही त्या तारखेवरून, डीएएफ १०११. गल्लोगल्ली पक्षाचे रेडिओसेवक नेमले, कोण ऐकतंय ते बघायला.

गर्दी कंटाळते. हे खुद्द गोबेल्सला माहीत होतं. मार्च १९३३मध्येच त्याने रेडिओच्या अधिकाऱ्यांना बजावलं होतं की काहीही करा, पण कंटाळवाणे होऊ नका. राजकीय भाषणांचा मारा लवकरच कमी झाला आणि संगीत वाढलं. ऑक्टोबर १९३९पासूनचा सैनिकांच्या फर्माइशींचा कार्यक्रम तर नावं घेऊन चाले: अमुक आघाडीवरच्या अमुकला मुलगा झाला, त्याच्यासाठी हे गाणं. एवढी यंत्रणा उभारून शेवटी एका माणसाच्या नावावर यावं लागलं. आणि खुंटी? ती मोकळीच होती. चांगली तार लावली तर रात्री स्वस्त संचावरही लंडन लागे. म्हणूनच युद्धाच्या पहिल्याच दिवशी परकं केंद्र ऐकणं गुन्हा ठरवावं लागलं.

सोव्हिएत संघाने खुंटीच काढून टाकली. तिथे घरोघरी तारेने जोडलेला कर्णा असे; आवाज कमीजास्त करता येई, केंद्र बदलता येत नसे. जून १९४१मध्ये लोकांकडचे बिनतारी संचही जमा करून घेतले. लेनिनग्राडच्या वेढ्यात याच कर्ण्यांवर कार्यक्रमांच्या मध्ये मेट्रोनोमची टिकटिक चालू ठेवत: सावकाश असेल तर धोका नाही, जलद झाली की बाँबहल्ला येतोय. शब्द नाही, हाक नाही, पण शहराला कळे. आणि ३ जुलै १९४१ला स्टालिन बोलला तेव्हा नेहमीच्या 'कॉम्रेड' आणि 'नागरिक' यांच्या पुढे 'बंधू आणि भगिनींनो' आलं, मग 'माझ्या मित्रांनो'. त्या दोन शब्दांवरूनच ऐकणाऱ्यांना परिस्थितीची कल्पना आली असणार.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून काही ऐकवायचा बेत असेल तर तुम्ही नकळत याच घराण्यात आहात: ऐकणाऱ्याला बंद करता येत नाही. तिथे तीन मिनिटांच्या वर जाऊ नये. पाण्याची वेळ, लसीकरणाचा दिवस, नदीची पातळी. तेच दोनदा, त्याच क्रमाने, त्याच खुणेच्या सुराने. भाषण, गाणी, अभंग यासाठी भोंगा नको. गावाला एकदा कान बंद करायची सवय लागली की पुराच्या सूचनेलाही ते बंदच राहतात.

हिल्वरसम: सभासद

हिल्वरसम हे डच रेडिओचं गाव. नेदरलँड्समध्ये 'जनता' नावाचा श्रोता कुणी मानलाच नाही. प्रॉटेस्टंटांची एनसीआरव्ही १९२४ची, कॅथलिकांची केआरओ आणि समाजवाद्यांची व्हारा १९२५ची, उदार प्रॉटेस्टंटांची व्हीपीआरओ १९२६ची, आणि कुठल्याच गोटात नसलेल्यांसाठी आव्हरो. १९३०च्या सरकारी आदेशाने वेळ या संस्थांत वाटून दिला. 'आपण' म्हणजे आपले लोक. शेजारी राहणारा कॅथलिक त्या 'आपण'मध्ये नाही. बोलणाऱ्याला श्रोत्याचं घर, त्याची शाळा, त्याची संघटना, त्याचं वृत्तपत्र सगळं ठाऊक. हाकेत एक प्रकारची ऊब होती, जी लंडनला कधीच जमली नाही.

खाचखळगा वेगळीकडेच होता. सभासदत्व संस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेशी बांधलेलं. आठवड्याचा तपशीलवार कार्यक्रम छापायचा हक्क प्रसारकांकडेच असल्याने पत्रिका घ्यावीच लागे, आणि पत्रिका घेतली की तुम्ही सभासद म्हणून मोजले जात. १९६९पासून लागू झालेल्या कायद्याने वेळेचं माप थेट या संख्येवर बसवलं: ४ लाख सभासद असतील तर पहिला वर्ग, अडीच लाखांना दुसरा, लाखाला तिसरा. मग चढाओढ कार्यक्रमाची की पत्रिकेची, हेच कळेनासं झालं. १९६४मध्ये समुद्रातल्या आरईएम मचाणावरचं विनापरवाना टेलिव्हिजन बंद पडल्यावर त्यातून उभी राहिलेली ट्रॉस ही संस्था ना धर्माची ना पक्षाची; ती हलक्या करमणुकीवर वाढली, आणि बाकीच्यांनाही तिच्यामागे पळावं लागलं. डच भाषेत त्या घसरणीला तिच्याच नावावरून शब्द पडला.

यूट्यूबच्या 'सबस्क्राइब'वर जगणाऱ्याने हा विभाग दोनदा वाचावा. वर्गणी भरणारा, बटण दाबणारा आणि ऐकणारा ही तीन वेगळी माणसं असू शकतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला सभासद ठरलेले असतात, पैसाही मिळतो. पण वर्षातून एकदा तरी सभासद नसलेल्या मराठी घरात जाऊन 'काल काय ऐकलंत' हा प्रश्न टाकावा.

लांबून बोलणारा

परदेशातल्या, अनोळखी श्रोत्याशी बोलायचं असेल तर युद्धकाळातला लंडनचा अनुभव शेजारीशेजारी ठेवण्याजोगा आहे. फ्रान्सकडे तोंड करून फ्रेंच माणसंच फ्रेंचांशी बोलत, गाणी आणि टोमण्यांसकट. जर्मन विभागात बर्लिनची एक बोलघेवडी गृहिणी पात्र म्हणून होती, जी रेशन आणि नियमांबद्दल भाबडेपणाने कुरकुरत राजवटीची लक्तरं काढी. दोन्हीकडे श्रोत्याच्या ताटात आज काय आहे हे बोलणाऱ्याला माहीत होतं.

हिंदुस्थानसाठीच्या विभागाचं तसं नव्हतं. मराठी प्रसारण मार्च १९४२मध्ये सुरू झालं. तिथे काम करणारे जॉर्ज ऑर्वेल आठवड्याची बातमीपत्रं इंग्रजीत लिहीत आणि त्यांतली काही मराठी, गुजराती, बंगाली, तमिळमध्ये भाषांतरित होऊन जात. एकच मजकूर, अनेक भाषा. पुण्याच्या श्रोत्यासाठी म्हणून वेगळा विचार नाही. त्याच वर्षी पाहणीसाठी इथे आलेल्या बीबीसीच्या अधिकाऱ्याला फारसं कुणी ऐकत नसल्याचं आढळलं. १९४३मध्ये राजीनामा देताना ऑर्वेल यांनी कारण दिलं की आपला वेळ आणि जनतेचा पैसा निष्फळ कामात जातोय. भाषांतराने श्रोता मिळत नाही, हे इतक्या महाग किमतीला फार थोड्यांनी शिकून घेतलंय. मराठी प्रसारण मात्र १९५८पर्यंत चाललं.

गट: ऐकून झाल्यावर दिवा लावणारे

सगळ्यात खर्चिक आणि आमच्या मते सामुदायिक केंद्राला सगळ्यात जवळचा मार्ग. ब्रिटनमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीस ऐकून चर्चा करणारे गट निघाले होते, पण त्याचं चोख रूप पाहायचं तर १९५०च्या दशकातल्या फ्रान्समध्ये. पॅरिसच्या ईशान्येकडच्या एन जिल्ह्यात गावकऱ्यांनी वर्गणी काढून एकेक टेलिव्हिजन घेतला आणि शाळेत ठेवला. कार्यक्रम संपला की दिवा लावायचा आणि मास्तरांनी चर्चा चालवायची. १९५४मध्ये युनेस्कोच्या मदतीने या टेलिक्लबांसाठी शेतीच्या आधुनिकीकरणावर १३ भागांची मालिका झाली, त्यात शेतकरीच बोलत होते, आणि नंतर गावोगावची मतं गोळा केली गेली.

इटलीत १९६०पासून आल्बेर्तो मांझी निरक्षर प्रौढांना टेलिव्हिजनवरून लिहायला शिकवत, संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर. निवडीच्या वेळी दिलेली संहिता त्यांनी बाजूला सारली आणि मोठा कागद आणि कोळशाची कांडी मागितली. ते आधी चित्र काढत. हे काय असेल, असा प्रेक्षकाला प्रश्न पडे, आणि मग त्याचं नाव अक्षरांत येई. पन्नाशीच्या माणसाला 'ग गवताचा' शिकवताना त्याचा अपमान होऊ न देण्याची ही युक्ती. गावोगावी संच मांडलेल्या खोल्या होत्या आणि मदतीला माणूस होता.

गट कशाने मोडतो? घरोघर संच आले की. फ्रान्समधले क्लब त्यामुळेच ओसरले. दुसरं कारण मास्तर: तोच बोलत राहिला तर तिसऱ्या आठवड्यात खोली रिकामी होते. गटात पंधरा-वीस माणसं पुरेत, आणि गटप्रमुखाला उत्तरं नको, फक्त तीन प्रश्न लिहून द्या. हेडफोन लावून लोकलमध्ये ऐकणाऱ्यांसाठी पॉडकास्ट करत असाल तर मात्र या वाटेला जाऊच नका. तिथे मॅथेसन यांचा एकटा माणूस आणि युद्धकाळातल्या वाहिनीचे छोटे तुकडे, एवढंच धरा.

व्हिएन्नाहून पुण्याला

श्रोता मोजण्याच्या बाबतीत एक धागा थेट आपल्याकडे येतो. ऑस्ट्रियाच्या राव्हाग या रेडिओने १९३१मध्ये व्हिएन्नातल्या पॉल लाझार्सफेल्ड यांच्या संस्थेकडून पाहणी करवून घेतली. कार्यक्रमांची छापील यादी वाटली. हे वाढवा, हे कमी करा, हे आहे तेवढं ठीक, अशा खुणा करायच्या. १ लाख १० हजारांहून अधिक श्रोत्यांची मतं जमली आणि ती वय, लिंग, व्यवसाय अशी वेगवेगळी मांडली. 'श्रोता' एकच नसतो, हे आकड्यांत दाखवणाऱ्या पहिल्या पाहण्यांपैकी ही एक. १९३४मध्ये ऑस्ट्रियात हुकूमशाही आल्यावर लाझार्सफेल्ड यांना अमेरिकेतच राहावं लागलं. व्हिएन्नाचेच पॉल न्यूराथ डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेला पोचले आणि त्यांच्याकडे शिकले.

हेच न्यूराथ १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत होते. १९५६मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोसोबत पाच मराठी जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे श्रवणगट उभे केले, दीडशेच्या आसपास गावांत. नमुना कॅनडाचा होता. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम. गटाने ऐकायचं, बोलायचं, आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. मूल्यमापन न्यूराथ यांनी केलं. त्यांनी तीन प्रकारची गावं शेजारीशेजारी ठेवली: गट असलेली, रेडिओ असलेली पण गट नसलेली, आणि रेडिओच नसलेली. तेच प्रश्न आधी विचारले आणि नंतरही. गटांच्या गावांत माहितीत लक्षणीय वाढ झाली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथे फारसा फरक पडला नव्हता.